पेपर रोज वाचतो म्हणालो त्याची गोष्ट

सगळ्यात आधी मला राग आला तो त्या फॉर्मवरच्या वयाच्या चौकटींचा. अठरा ते पंचवीस एक चौकट, सव्वीस ते पस्तीस दुसरी, अशा करत करत शेवटी ‘साठ व पुढे’. पुढे म्हणजे किती पुढे? मी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा शेजारी आणि परवा साठी ओलांडलेला डेअरीवाला, सगळे एकाच खुराड्यात.

हा कागद आमच्या माडीवर भाड्यानं राहणाऱ्या मुलीचा. नांदेडकडची, पुण्यात बाणेरला कामाला. गिऱ्हाईक कोण, किती वयाचं, पेपर वाचतं की टीव्ही बघतं की मोबाइल, हे शोधायचं आणि जाहिरात कुठं करायची ते दुकानदाराला सांगायचं, ह्याचा तिला पगार मिळतो. माझ्या सुनेनं पिरंगुटला कपड्यांचं दुकान टाकलं होतं, अंगावरचं सोनं मोडून. दिवाळीला आमच्या रिह्याच्या खोऱ्यातल्या बायका दुकानात याव्यात, तर त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. मुलगी म्हणाली, तीस घरांत जाऊन विचारू.

सून मला म्हणाली, “मामंजी, तुमी जावा तिच्यासंगं. परक्या पोरीशी कोण बोलतंय?”

टोपी घालून गेलो. पहिलं घर शेजाऱ्याचं. पडवीत पाचसहा जण जमले. मुलगी म्हणाली, “आधी आजोबांचाच फॉर्म भरू. पेपर वाचता?”

मी चौथीतून शाळा सोडली. अक्षराला अक्षर जोडून वाचतो, एका पानाला सकाळ जाते. पण हे चारचौघांत सांगायचं? मी म्हणालो, “रोज. पहिल्या पानापासनं शेवटापतूर.”

“आणि मोबाइल?”

“हात लावत न्हाई.”

शेजारी मागं कसा राहील? “आमी बी रोजच वाचतुया,” तो म्हणाला. त्याच्या बायकोनं आतून भर घातली, “आन आमच्या सुना मोबाइलला शिवत न्हाईत.” सुना दाराआड उभ्या होत्या. सासूनं सांगितल्यावर त्या काय बोलणार?

तिसाच्या तीस घरांत हेच. आधी मी माझं सांगायचो, मग समोरचा त्याच्यावर चढवायचा. एकानं तर दोन पेपर येतात म्हणून सांगितलं.

मुलीनं कागद जुळवले आणि सुनेला म्हणाली, ह्या गावांत मोबाइलवर जाहिरात नको, पेपरात पत्रकं टाका. सुनेनं गुळगुळीत कागदावर रंगीत पत्रकं छापली, हिरव्या साडीतल्या बाईचा फोटो लावून.

दिवाळी आली आणि गेली. खोऱ्यातली एकही बाई दुकानाकडं फिरकली नाही.

त्याच आठवड्यात टपरीवर मी भजी घेतली. हातात पुडकं आलं तर वर हिरव्या साडीतली बाई, तोंडभर तेल. “हे रं कुटनं आलं?” मी टपरीवाल्याला विचारलं.

“पेपरातनं. गावात दोनच पेपर येत्यात, दोनी माझ्याकडं. उरल्याला पत्रकांचा गठ्ठा बी पेपरवाल्यानं हितंच टाकला. झ्याक कागूद हाय आण्णा, फाटत न्हाई.”

भजी तिथंच टाकून घरी आलो. सगळं गाव खोटं बोललं! दारातूनच मुलीवर ओरडलो, “तुझ्या कागदानं माझ्या सुनंच्या दुकानाचं वाटोळं केलं! काय शिकलीस गं तू?”

ती घाबरली नाही. फॉर्मांचा गठ्ठा आणला, वरचा काढून माझ्यापुढं ठेवला. “आजोबा, हा पहिला. तुमचा. टपरीवर जाऊन वाचत असाल म्हणून मी लिहिलं. आपल्या घरी पेपर कधी येतो?”

सून भाकरी थापत होती. तिनं मान वर केली. “मामंजींनी पेपर सांगितला? अगं, ते गोठ्यात बसून मोबाइलवर बैलगाड्याच्या शर्यती बघत्यात. माझाच जुना मोबाइल हाय त्यो.”

मी तसाच मागं फिरून गोठ्यात गेलो.

पुढचे तीन दिवस तिथंच काढले. तेवढ्यात मुलगी एकटी सगळीकडं परत फिरून आली, कारण आता लग्नसराईचं बघायचं होतं. पण घराघरात तीच उत्तरं. माझ्यासमोर एकदा बोललेलं कोण फिरवणार? उलट तिलाच सुनावलं, “तुमच्या म्हाताऱ्याला इचार, त्यो बी रोज वाचतोय.” सुनेच्या दुकानात दिवाळीच्या साड्या तशाच घडीत पडल्या होत्या, नवा माल तिनं मागवला नव्हता. लग्नसराई हातची गेली की दुकानाला कुलूप, हे कळायला मला कुठला फॉर्म नको होता.

चौथ्या दिवशी टोपी घातली. मुलीला म्हणालो, “चल. कागद कोरा घे.”

शेजाऱ्याच्या पडवीत जाऊन बसलो. सगळे जमेपर्यंत थांबलो, दाराआड बांगड्या वाजेपर्यंत थांबलो.

“लिव,” मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की कोपऱ्यातलं कुत्रं उठलं. “पेपर वाचत न्हाई. मला धड वाचताच येत न्हाई. मोबाइल बघतो. गोठ्यात बसून, शर्यती. मागं बोललो ते खोटं हुतं. आता हितं ज्याला पेपर वाचतो म्हणायचं हाय, त्यानं पेपर आणावा आन मला वाचून दाखवावा.”

शेजारी आढ्याकडं बघायला लागला. “आयला, म्हातारं पिसाळलंय आज,” तो पुटपुटला. पेपर आणायला काही उठला नाही.

मग दाराआडून त्याची धाकटी सून बोलली, “आमी बघतो की मोबाइल. दुपारी भांडी झाली की. साड्याच बघतो.”

“गप गं!” सासू.

“आन आत्याबाई बी बघत्यात. मला सारून पुढं बसत्यात.”

पडवी हसली. मुलगी भराभर लिहीत होती. मला हसू आलं नाही. माझ्या फुशारकीनं घरच्या बाईचं सोनं भज्याच्या तेलात घातलं होतं, त्यात हसण्यासारखं काय होतं?

“आजोबा, पुढची घरं मी करते,” बाहेर आल्यावर मुलगी हळूच म्हणाली. “तुम्हाला त्रास नको.”

“गप चल,” मी म्हणालो. अजून एकोणतीस पडव्या होत्या, आणि प्रत्येक पडवीत मला तेच बोलायचं होतं.