कान्हेरीत चौथ्यांदा

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. आम्ही नायगावच्या चाळीतली, बावीस प्रतिज्ञांवर वाढलेली माणसं. चाळीत कुणाच्या अंगात आलं की आमचे वडील, अण्णा, तिथेच उभे राहून झापायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं डोकं फिरलेलं आहे... कृपा करून उपाय सुचवू नका.

मी मेलबर्नला असते. अण्णा गेले तेव्हा तिकीट मिळेपर्यंत इकडे सगळं उरकलं होतं. काही महिन्यांनी आले, तर आई गप्प. संध्याकाळी वंदनेला बसायची, पण तोंड उघडायची नाही. आमच्याकडे एकाने पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून – आणि पुढे कायम अण्णा. त्यांची एक खोड होती. त्रिशरण तीनदा म्हणायचं असतं, हे नादात चौथ्यांदा सुरू करायचे. अख्खी चाळ गुमान चौथ्यांदा म्हणायची! टोकणार कोण?

अण्णा तिला दरवर्षी कान्हेरीच्या लेण्यांत न्यायचे. म्हटलं, तिथे तरी बोलेल. दादा भडकला. "तिचे गुडघे बघ जरा. तू जाशील विमानात बसून, निस्तरणार मी."

"मग नको येऊस!"

नाहीच आला. आम्ही दोघीच गेलो, टॅक्सी करून.

मोठ्या चैत्यात शिरलो, तर चार पोरं स्तूपाला टेकून रील काढतायत. माझी सटकलीच. "घरी देवघराला टेकता का रे असे?" पोरं सटकली. वॉचमन धावत आला तो मलाच ओरडायला – "मॅडम, आवाज कमी." त्यांना नाही, मला!

आई हात जोडून उभी, ओठ घट्ट मिटलेले. "म्हण ना गं आई..." नाही. शेवटी मीच पुढे म्हणायला गेले, पण रागाने शब्द फुटेना.

तेवढ्यात मागून, खांबांच्या बाजूने, पुरुषाचा खडा आवाज आला. वाटलं, आपल्यातलंच कुणी असेल. आणि आई त्याच्या मागून म्हणायला लागली! ती परत गप्प होईल या भीतीने मी वळूनही बघितलं नाही. तीनदा झालं.

मग तो आवाज चौथ्यांदा सुरू झाला.

आई न अडखळता म्हणत होती.

संपल्यावर वळले. कुणी नाही. दारातून वॉचमन तणतणत आला, "तुमचे म्हातारे कुठं गेले? सांगा त्यांना, इतक्या मोठ्यानं नाय म्हणायचं इथं."

दारात सगळा वेळ वॉचमनच उभा होता. बाहेर पडायला दुसरी वाट नाही. आवाज घुमला असेल म्हणाल... पण घुमायला आधी कुणीतरी म्हणावं लागतं ना?

दादाला सांगितलं, तर हसला. संध्याकाळी आई आपणहून पुढे बसली. तीनदा झालं, थांबली नाही. दादाने माझ्याकडे बघितलं आणि गुमान चौथ्यांदा म्हटलं.

आई बोलायला लागली, बरं वाटलं. पण अण्णा, राग तुमचाच आलाय मला. मेलेलं माणूस परत येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तेच स्वतःला बजावत मी तिकडे एकटीने दिवस काढले. आता काय मानू?

आणि यायचंच होतं, तर मी तिथेच पाठमोरी उभी होते. मला एक हाक मारायला काय झालं होतं?