दादानं निवडलेलं हेल्मेट

परभणीतल्या तिसऱ्या दुकानातून बाहेर पडलो, तेव्हा बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. सगळीकडं मोटारसायकलचीच हेल्मेटं. मला हवं होतं ते चारचाकी गाडीच्या शर्यतीचं, आतलं अस्तर लवकर पेट न घेणारं आणि मानेच्या आधाराच्या पट्ट्या अडकवायची सोय असलेलं.

जिंतूरकडच्या माळावर हौशी लोकांच्या शर्यती होतात. मी तिथं जुनी गाडी पळवतो. दोन वर्षांपूर्वी ती उलटली. मला खरचटलं तेवढंच. शेजारी वाट सांगायला बसलेल्या माझ्या थोरल्या भावाची मान मात्र कायमची आखडली. त्याच्या डोक्यावर मी घाईत चढवलेलं हेल्मेट एक माप मोठं होतं. आता कुणी हाक मारली की दादा आख्खाच वळतो.

यंदा संयोजकांनी मानेचा आधार सक्तीचा केला. इथं काही मिळेना, म्हणून पुण्याला निघालो.

"मी येतो संगं," दादा म्हणाला. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एसटीत दर खड्ड्याला तो हातानं मान धरत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

पुण्याच्या दुकानात पहिलंच हेल्मेट मला बरं वाटलं. कधी एकदा घरी जातो असं झालं होतं.

"डोकं हलीव," दादा म्हणाला. "गालाची कातडी संगं हलंना, म्हंजी सैल हाय. काढ ते."

दुसरं कपाळाला रुतलं.

"दुखायलंय?"

"थोडं."

"आता थोडं, मग लय. काढ."

तिसरं माझ्या डोक्यावर चढवून, कुठं रुततंय का बघायला त्यानं मला अर्धा तास स्टुलावर बसवलं. मग खांद्यांवर मानेचा आधार ठेवून त्याच्या दोन्ही पट्ट्या हेल्मेटला अडकवल्या. धक्का बसला तर या पट्ट्या डोकं पुढं फेकलं जाऊ देत नाहीत. दादानं दोन्ही हातांनी हेल्मेट धरून जोरात पुढं ओढलं. पट्ट्या ताणल्या, डोकं जागेवर थांबलं.

"दादा, तुझ्या वेळी मी एवढं बघितलं न्हाई."

"न्हाई बघितलंस," तो म्हणाला, आणि पट्ट्या सोडवू लागला.

शर्यतीत मी शेवटून दुसरा आलो. काही झालं नाही. दादा आला नव्हता. गाडी बंद करून मी तसाच बसून राहिलो. बाहेर माणसं टाळ्या वाजवत होती, पण त्यात दादा नसताना दार उघडायचंही मन होईना.