मंडळीतला कडुनिंब

लेकराच्या बाप्तिस्म्याची उपासना संपली की मार्थामावशी बाप्तिस्म्याचं भांडं दोन्ही हातांनी धरून बाहेर येते आणि त्यातलं पाणी आवारातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतते. चर्चची झाडलोट तिच्याकडे आहे, पण हे काम तिला कुणी सांगितलेलं नाही. "लेकराच्या डोक्यावरचं पाणी मोरीत कसं ओतायचं?" एवढंच तिचं म्हणणं.

परवा मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, बैठकीत गाड्यांच्या शेडसाठी तोच कडुनिंब तोडायचं ठरत होतं. मीही हात वर केला होता, कारण त्यावरची पाखरं माझ्या स्कूटरची सीट घाण करतात. चहा घेऊन आलेली मावशी दारातच थांबली आणि समोर बसलेल्या पाळकांना म्हणाली, "पाळकसाहेब, त्याचा बाप्तिस्मा झालाय. एकदा नाही, शंभरदा. सभासदाला असं काढून टाकता येतं का?"

आम्ही हसलो, पण शेडचा विषय तिथेच राहिला.

आज पुन्हा तिला पाणी ओतताना पाहत होतो. देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवलं ते तिची राखण करायला, हे लहानपणापासून ऐकत आलोय. तेव्हा चर्च नव्हतं, बैठकाही नव्हत्या. होती ती झाडांचीच सेवा. मला हे नुसतं पाठ होतं. मावशीच्या हातांना ते ठाऊक होतं.

"मावशी, माझंही पाणी इथंच ओतलं होतंस?"

"मग कुठं? लई रडला होतास तू. हे झाड तवा तुझ्याएवढंच होतं."

बैठकीत वर केलेला हात मी हळूच खिशात घातला.