उभे राहून बोलण्याचे शिक्षण

दुष्काळ सरून दोन वर्षे झाली होती. येलदरीच्या धरणापलीकडील डोंगरात आंध आदिवासींच्या वाड्या आहेत. तेथील तरुणांतून पुढारी घडावेत, म्हणून धरणाच्या वसाहतीत पंधरा दिवसांचे शिबिर भरले आणि वक्तृत्व शिकविण्याचे काम संस्कृतचा शिक्षक म्हणून माझ्याकडे आले. वाणी ही देवता आहे, अशी माझी श्रद्धा होती, आजही आहे. त्या देवतेच्या सेवेत माझ्या हातून जे घडले, ते लिहून ठेवतो.

बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण मी निवडला. त्याची वाडी उतारावरची जमीन पिढ्यानपिढ्या कसत होती. कागद मात्र कोणाच्याच नावे नव्हता. समारोपाला जिल्ह्याचे साहेब येणार होते. त्यांच्यापुढे जमिनीचे गाऱ्हाणे घालावे, एवढ्यासाठीच वाडीने त्याला पाठविले होते. ते त्याने नीट घातले, तर म्हाताऱ्या कारभाऱ्यानंतर वाडीच्या न्यायनिवाड्याच्या बैठकीत त्याचाच शब्द चालणार होता.

मी त्याच्यावर कधी रागावलो नाही. बोलताना वाडीचा शब्द आला, की मी शांतपणे म्हणे, "पुन्हा पहिल्यापासून." दुपारी तापल्या पत्र्याखाली तो पुन्हा पहिल्यापासून बोले. सोबतचे तरुण चिडवीत, "ए पुढारी, आता बायकोला भाकर बी शुद्धच मागतो का रं?" एकदा त्याला भोवळ आली. मी स्वतः त्याला पाणी पाजले आणि पुन्हा उभे केले.

तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, "गुरुजी, म्या बसून बोललो तर चालंल का?"

"का बरे?"

"आमच्या बैठकीत बोलणारा बसून बोलतो. हात जोडून उभा ऱ्हातो त्यो गुन्हेगार. उभा ऱ्हायला म्हंजी गुन्हा कबूल. समारोपाला वाडीची मानसं यायलीत."

"सभेत बसून बोलणारा अडाणी दिसतो. साहेबांना काय वाटेल?"

"साहेबाचं न्हाई, गुरुजी. माझ्या बापाचं म्हनतो म्या."

"जमीन तुझे वडील देणार आहेत का?"

तो उभा राहून पुन्हा पहिल्यापासून बोलू लागला. वाद जिंकल्याचे समाधान त्या दिवशी माझ्या सायंसंध्येपर्यंत टिकले.

भाषणाची रचना माझीच होती. आरंभी सरस्वतीला वंदन, मग पाहुण्यांचे स्वागत, मग शिक्षणाची महती आणि सर्वांत शेवटी जमीन. समारोपाला तो मी शिकविल्याप्रमाणे टाचा जुळवून, हात जोडून उभा राहिला. वाडीची माणसे पुढच्या सतरंजीवर होती. त्याच्या वडिलांनी मुलाचे जोडलेले हात पाहिले, डोक्यावरचे पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली.

शेजारचा कारभारी त्यांना सर्वांच्या देखत म्हणाला, "काय केलंय रं ह्यानं? कशाची कबुली द्यायलाय?"

मुलाने ते ऐकले. त्याचा स्वर ढळला नाही. तशी तालीमच मी दिली होती.

शिक्षणाची महती चालू असताना साहेबांनी घड्याळ पाहिले. मी बोटाने खूण केली, आवरते घे. खूण पाळायची, हेही मीच शिकविले होते. त्याने एकवार माझ्याकडे पाहिले, जमिनीचा भाग सोडला आणि आभार मानले.

"पोपट छान पढवलात, पंडितजी," साहेब म्हणाले. मी विनयाने मान लवविली. वाडीची माणसे समारोपाचे जेवण न घेता तशीच उपाशी चालत निघून गेली.

महिनाभराने त्याचे प्रशस्तिपत्र घेऊन मी वाडीवर गेलो. मोहाच्या झाडाखाली बैठक भरली होती. कारभाऱ्याने मला बसायला घोंगडी दिली. तो तरुण मात्र गोलाबाहेर उभा होता.

"त्याला बसू द्या," मी म्हणालो.

"आमी कुठं अडवलंय, महाराज?" कारभारी सुपारी कातरीत म्हणाला. "साहेबाम्होरं तुमी उभा केला, त्यानं कबूल केलं. काय कबूल केलं ते तुमालाच ठावं. आता त्याच्या तोंडून जमिनीचं कोन ऐकंल?"

"मग बोलणार कोण?"

"होता एकच शिकलेला."

सारे हसले. त्याचे वडील हसले नाहीत, उठून गेले.

मी प्रशस्तिपत्र पुढे केले. त्याने टाचा जुळविल्या, दोन्ही हातांनी ते घेतले आणि म्हणाला, "आपला अत्यंत ऋणी आहे, गुरुजी."

एकही उच्चार चुकला नव्हता.