ताजमहालात वाजलेली चप्पल

आमची चप्पलवाल्यांची ट्रिप आग्र्याला निघाली तेव्हा मी घरात सांगितलं, "कामाला चाललोय." बायको म्हणाली, "मग नवा गॉगल कशाला?"

पण काम खरंच होतं. पावसाळ्यात कोल्हापुरी चप्पल कोणी पायात घालत नाही. दुकानात आम्ही माशा मारतो आणि चप्पल शिवणारे कारागीर दुसरीकडं मजुरीला जातात. आग्र्याच्या एका शेठनं मोठ्या ऑर्डरची तयारी दाखवली होती. ती मिळाली असती तर कारागिरांना पावसाळाभर घरबसल्या काम होतं.

नमुन्याचा जोड शिवला होता उचगावच्या काकांनी. आमच्यातले सगळ्यांत जुने कारागीर, तेही ट्रिपला आले होते. तळाच्या दोन थरांमध्ये बी बसवून त्यांनी चपलेला असा आवाज दिला होता, की गल्लीच्या टोकाला कोणी चाललं तरी इकडं चहा पिणाऱ्यानं मान वळवावी. आमच्याकडं करकर वाजणारी चप्पल म्हणजे रुबाब. मुकी काय, कोणीही घालतं.

शेठची भेट संध्याकाळी होती, सकाळी ताजमहाल. निघताना मी तो जोड सरळ पायात चढवला.

"मालक, नमुना हाय त्यो," काका म्हणाले. "मिरवायला न्हाय."

"लॉजवरनं चोरीला गेला म्हणजे? पायात असला की जिवाला घोर नाही."

"मग टोपीबी घालून दाखवा की. तीबी चोरतील."

खरं कारण ताजसमोरचा फोटो, हे काकांनी ओळखलेलं. मी गॉगल चढवून पुढं झालो.

ताजमहालाच्या दरवाजात बघतो तर शेठ स्वतः हजर. पांढराशुभ्र कुर्ता, तोंडात सारखं 'आप-आप'. पाहुण्यांना आपण स्वतः ताज दाखवणार म्हणाले. आणि त्यांचा नमुना माझ्या पायात! बागेतनं मी त्यांच्यापासून लांब-लांब चाललो. चबुतऱ्याशी सगळ्यांना पादत्राणांवर चढवायचे कापडी मोजे मिळाले, तेव्हा हायसं वाटलं. चप्पल झाकली गेली. आवाजही दबेल, असा माझा हिशोब.

आत कबरीपाशी सगळे गप्प. मी पाय उचलला.

कर्रर्र.

घुमटानं तो आवाज वर नेला, गोल फिरवला आणि चांगला फुगवून माझ्या डोक्यावर परत टाकला. एक बाळ रडायला लागलं. पहारेकरी ओरडला, "मोबाइल बंद करो!" मी इमानदारीनं मोबाइल काढून बंद केला आणि पुढचं पाऊल टाकलं. कर्रर्र. चवड्यांवर चालून बघितलं तर कर्ररचं कुईंऽ झालं. बादशहानं एवढ्या प्रेमानं बांधलेल्या इमारतीत मी बिनतेलाच्या रहाटासारखा वाजत होतो.

मदतीच्या आशेनं आमच्या दुकानशेजाऱ्याकडं बघितलं. रोज माझा चहा पिणारा हा माणूस मोठ्यांदा म्हणाला, "पावणं, कुठलं म्हणायचं तुम्ही?"

शेवटी पहारेकऱ्यानं माझ्या पायांकडं बोट केलं आणि मला बाहेर काढलं. मागोमाग शेठ आले, काका आले. मी मोजे उतरवले. शेठ चपलेकडं बघतच राहिले.

"सैंपल यही है?"

"जी."

"इसमें कोई खराबी है क्या?"

ऑर्डर हातची गेली असं वाटलं आणि माझी जीभ घसरली. "हां शेठ, नया माल है ना. तेल पिलाएगा तो आवाज चला जाएगा."

काका उसळले. "काय? चला जायेगा? आरं, दोन दिवस घातल्यात मी त्यो आवाज बसवायला!" मग शेठकडं वळून, "शेठ, खराबी न्हाय है. मुद्दाम बैठाया है. ये जाताच न्हाय! पहनके देखो."

शेठनी आपले बूट काढले, चप्पल घातली आणि लाल फरशीवर चालायला लागले. कर्रर्र, कर्रर्र. पुढची माणसं वळून बघायला लागली, वाट द्यायला लागली. शेठची पाठ आपोआप ताठ झाली. बागेच्या टोकापर्यंत जाऊन आले, तेव्हा चाल बदललेली होती. आमच्याकडच्या सरपंचाची चाल.

ऑर्डर मिळाली. आपल्या दुकानातली गिऱ्हाइकं तक्रार करतील म्हणून शेठनी सगळे जोड मुके मागवले. "मगर ये जोड़ी मेरी," म्हणाले आणि तीच घालून गाडीत बसले. मी लॉजवर अनवाणी आलो. काका वाटभर माझ्या पायांकडं बघून हसत होते.

त्या पावसाळ्यात एकही कारागीर मजुरीला गेला नाही. दसऱ्याला काकांनी मलाही एक जोड शिवून दिला. शिलाई अशी देखणी, की नजर लागावी. मी हौसेनं पायात घातला, दुकानाच्या पायरीवरनं उतरलो, चार पावलं चाललो. थांबलो. कान देऊन पुन्हा चाललो.

"काका, आवाज?"

"तेल पाजलं," काका म्हणाले. "गेला."