झोपलेल्या गिऱ्हाइकाला उठवू नये

आमचे हे गाद्या विकायचे. त्यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. गिऱ्हाईक येतं, हाताने दाबून बघतं, घासाघीस करतं, घेऊन जातं. लग्नानंतर कितीतरी वर्षं मलाही तसंच वाटायचं. मिस्टर काय करतात, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, "लोकांना झोपवतात." लोक हसायचे, मीही हसायचे.

पण यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की चपला काढून त्याला गादीवर आडवं व्हायला सांगायचं आणि मग गप्प बसायचं. गप्प म्हणजे अगदी गप्प. हे पायथ्याशी चार हात लांब उभे राहायचे आणि भलतीकडेच बघायचे, कारण कुणी टक लावून बघत असलं तर माणसाला मोकळं पडता येत नाही. आधी लोक लाजायचे, कपडे सारखे करायचे, बरोबरच्या माणसाकडे बघून खिदळायचे. जरा वेळाने खांदे सैल पडायचे. मग माणूस आपोआप आपल्या नेहमीच्या कुशीवर वळायचा. हे त्याचीच वाट बघायचे. "तोंडाने माणूस काहीही सांगतो गं, कूस मात्र खरं सांगते," असं मला एकदा म्हणाले होते. मग एकच प्रश्न विचारायचे, सकाळी उठल्यावर कुठं दुखतं? त्यावरून गादी सांगायचे, पुष्कळदा स्वस्तातली. आणि कुणाला डोळा लागलाच, तर उठवायचे नाहीत.

दुकानातली माणसं यांना मौनीबाबा म्हणायची. घरी काही वेगळं नव्हतं. आमच्या घरात बोलायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. माझ्या नाकावर राग, यांच्या तोंडाला कुलूप, असा आमचा संसार. सासूबाई म्हणायच्या, "देवाने बरोबर जोडी लावली, नाहीतर दोन घरं बिघडली असती."

जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. ते आधी पाणी गाळायची यंत्रं दारोदार विकायचे, आणि त्यात त्यांनी चांगलं नाव कमावलं होतं म्हणे. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हा त्यांचा मंत्र. गिऱ्हाइकाला क्षणभरही गप्प राहू द्यायचं नाही, असा त्यांनी हुकूम काढला. यांनी मान डोलावली आणि आपलं चालू ठेवलं.

एकदा एक म्हातारे गृहस्थ आले. हातात औषधांची पिशवी, बायको दवाखान्यात. तिच्यासाठी गादी बघायला आलेले, आडवे झाले आणि झोपले. कोण जाणे किती दिवसांची झोप असेल. साहेबांनी बघितलं आणि त्या माणसाच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. ते बिचारे दचकून उठले, पिशवी शोधायला लागले, चार वेळा माफी मागून दुकानाबाहेर पडले. तेव्हा आमचे मौनीबाबा सगळ्यांसमोर बोलले, "साहेब, हे बरं नाही केलंत."

झालं! जो माणूस कधी बोलत नाही, त्याचं एक वाक्यही फार लागतं. साहेबांनी त्या दिवसापासून दात धरला. यांना गोदामात गाद्यांवरची धूळ झटकायला बसवलं. जेवायला बसले की नेमकी हाक यायची. गिऱ्हाइकांसमोर, "अहो, तोंड शिवलंय का तुमचं?" असं विचारायचे. इतरांना सांगून ठेवलं की यांच्याशी कामापुरतंच बोला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." तर हे म्हणतात, "मी कुठं करतोय? मासाच अंगावर येतोय."

शेवटी यांनी दुसरीकडे बघायला सुरुवात केली. एक बाई होत्या, त्या आजारी माणसांसाठी लागणाऱ्या खाटा आणि गाद्या घरपोच द्यायच्या, विकतही आणि भाड्यानेही. त्यांना दुकान सांभाळायला माणूस हवा होता. यांच्याशी बोलून त्यांना बरं वाटलं, पण म्हणाल्या, "माझी एक रीत आहे. माणूस घ्यायच्या आधी मी त्याच्या साहेबांशी स्वतः फोनवर बोलते. तोपर्यंत हो नाही आणि नाहीही नाही."

घरात कमावणारे हे एकटे. राजीनामा देऊन बसलेले, आणि पुढची नोकरी अडकली कुणाच्या जिभेवर, तर त्या साहेबांच्या! ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बाईंचा फोन येणार हे त्यांना कळलेलं होतं. राजीनाम्यानंतर नियमाप्रमाणे दुकानात काढायच्या त्या महिनाभरात त्यांनी नवंच सुरू केलं. यांनी गिऱ्हाईक केलं की साहेब पुढे होऊन विचारायचे, "या माणसाबद्दल काही तक्रार? असेल तर मोकळेपणी सांगा." तक्रारी गोळा करून फोनवर ऐकवायचा बेत.

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी येते उद्या आणि चांगली हजेरी घेते त्यांची," असं मी म्हटलं. यांनी ताट बाजूला सारलं. "महिनाभर तू दुकानाकडे फिरकू नकोस. एवढं एकच मागतो." मी हो म्हटलं.

आणि दुसऱ्याच दुपारी गेले. सासूबाईंना भाजी आणायला जाते म्हणून सांगितलं. साहेबांनी मला कधी बघितलं नव्हतं. आधी गिऱ्हाईक म्हणून आत शिरायचं, मग खरं रूप दाखवायचं, असं मी वाटेत ठरवलेलं. काय काय बोलायचं त्याची उजळणीही झाली होती.

साहेबांनी हसून स्वागत केलं आणि जी गाडी सोडली ती सोडलीच. हा फोम, तो फोम, हवा खेळती राहते, पाठीचा कणा, परदेशी तंत्र. माझ्यासारखीला तोंड उघडायला फट मिळेना, म्हणजे बघा! तेवढ्यात त्यांना वरून कुणाचा तरी फोन आला. एकदम त्यांचा आवाज मऊ झाला, "हो सर, करतो सर," करत ते बाजूला गेले आणि जाता जाता ओरडले, "ओ मौनीबाबा, यांना दाखवा! आणि आज तोंड उघडा जरा!"

गोदामाच्या दारातून हे आले, हातात धुळीचं फडकं. मला बघितलं आणि जागीच थबकले. मग फडकं नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "या ताई. चपला इथं काढा."

ताई! सख्खा नवरा मला ताई म्हणाला! हसू की रडू, मला कळेना. गपगुमान आडवी झाले.

हे पायथ्याशी उभे राहिले, भलतीकडे बघत. मी छताकडे बघत पडले. आता उठून भांडायचं, असं मनात घोकत होते, पण दुपारची अशी आडवी झाल्याला किती काळ लोटला होता ते आठवेना. कुणी हाक मारत नव्हतं. कुकरची शिट्टी नाही, दाराची घंटा नाही. अंग आपोआप सैल पडलं आणि मी डाव्या कुशीवर वळले.

"डाव्या खांद्यावर भार देऊ नका, ताई," हे हळूच म्हणाले. "तो दुखतो तुम्हाला."

मी यांना खांद्याचं कधी सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाच्या तक्रारी यांच्या कानी घातल्या, पण ही राहिलीच होती. भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं, नाहीतर तिथंच शोभा झाली असती.

फोन संपवून साहेब परत आले. चेहरा पडला होता, तो राग यांच्यावर निघाला. "हा काही बोलला का हो? नाही ना? बोलणारच नाही. ताई, यांच्याविषयी तक्रार असेल तर बेधडक सांगा. आम्हाला उपयोग होतो." हे तिथंच उभे होते, जमिनीकडे बघत.

मी उठून बसले. घरून आणलेलं सगळं ओठांवर आलं होतं. पण मी तोंड सोडलं असतं तर याची बायको भांडायला आली म्हणून यांचीच नाचक्की झाली असती, आणि फोनवर ऐकवायला साहेबांना आयतं मिळालं असतं. जन्मात पहिल्यांदा मी राग गिळला.

"तक्रार नाही," मी म्हटलं. "साहेब, मी दिवसभर माणसांतच असते. प्रत्येक जण मला काहीतरी सांगतो नाहीतर मागतो. मला काय दुखतं ते या माणसाने न विचारता ओळखलं. असा माणूस जिच्या घरी असेल ती बाई नशीबवान. तिला ते कळतंय की नाही, देव जाणे."

"ते ठीक आहे, गादीचं बोला," साहेब म्हणाले.

"गादी घरी आहे," असं म्हणून मी निघाले. गडबडीत चपला उलट्या पायांत घातल्या होत्या, ते कोपऱ्यावर गेल्यावर कळलं.

संध्याकाळी आता माझी चंपी होणार म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. हे आले, हातपाय धुतले आणि सरळ चेहऱ्याने म्हणाले, "ताई, चहा मिळेल का?" सासूबाई किंचाळल्या, "अरे बायकोला ताई काय म्हणतोस, शुद्धीवर आहेस ना?" आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण मी तिथं जे बोलले त्याबद्दल यांनी काही विचारलं नाही आणि मलाही ते काढायचं धाडस झालं नाही.

महिना संपत आला तेव्हा बाईंचा फोन आला. साहेब मुद्दाम यांच्या शेजारी येऊन, सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात बोलले. घरी येऊन यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "माणूस अतिशय हळू आहे. बोलतच नाही. गिऱ्हाईक तासभर लोळत पडलं तरी नुसता उभा राहतो. झोपलं तर उठवत नाही, उलट उठवणाऱ्यालाच बोलतो."

मी म्हटलं, "तोंडचा घास काढला की हो मेल्याने! आता काय करायचं?"

"खोटं काय बोलले?" हे म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी बाईंचा फोन आला. मी यांच्या कानाला कान लावून उभी. बाई म्हणाल्या, "तुमच्या साहेबांनी माझं काम सोपं केलं. माझ्याकडे येणारी माणसं घरी आजारी माणूस टाकून आलेली असतात. दमलेली, जागलेली. बोलून बोलून गादी गळ्यात मारणारे मला ढिगाने मिळतात. झोपलेल्याला न उठवणारा मिळत नव्हता. एक तारखेला या."

मी देवापुढे दिवा लावला आणि मग म्हटलं, "तुमच्या शेवटच्या दिवशी मी येणार दुकानात. मला त्या साहेबांचं तोंड बघायचंय." हे नको म्हणाले नाहीत.

दुकान बंद व्हायच्या सुमाराला मी गेले. हे साहेबांच्या टेबलासमोर उभे होते. "साहेब, तुमचे आभार मानायचे होते. तुम्ही सांगितलंत त्यावरच मला नोकरी मिळाली."

साहेब यांच्याकडे बघतच राहिले. "टोमणा मारताय? मी तुमच्याविषयी वाईटच सांगितलं होतं."

"माहीत आहे. मी शेजारीच होतो. पण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चोरीचा आळ घातला असतात, गिऱ्हाइकांशी उद्धट वागतो म्हणाला असतात, तर त्यांनी तेही खरं मानलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. माझ्या घरावर उपकार झाले."

हे मला सुचलंच नव्हतं. मी जिरवायला आले होते आणि आता साहेबांकडे बघताना माझाही राग राहिला नाही. खरंच, काहीही बोलले असते तर आम्ही काय करणार होतो? मी पुढे झाले आणि हात जोडले, अगदी मनापासून.

साहेबांनी डोळे बारीक केले. "तुम्ही त्या दिवशीच्या... गादी न घेता गेलेल्या?"

"मी यांची बायको," मी म्हटलं. "नाटक करून आले होते, त्याची माफी असावी. पण साहेब, मी तेव्हा जे बोलले, त्यातही एक अक्षर खोटं नव्हतं."

साहेब काय म्हणाले ते मी ऐकलंच नाही. कारण आमचे हे, इतक्या वर्षांत मी ज्यांच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस बघितला नव्हता ते, खिशातलं धुळीचं फडकं काढून सगळ्यांसमोर डोळे पुसत होते.