सुजलेल्या पायांतली जोडवी

माझा नवरा गेला तेव्हा मला सातवा महिना चालू होता. पावस गावाहून येताना त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला.

त्याआधी दोन महिने माझे पाय सुजत होते. घरात त्या सुजेची दखल एकट्या नवऱ्यानेच घेतली. बाकीच्यांच्या मते, पुस्तक वाचता यावं म्हणून मी पाय पसरून बसत होते. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, डाव्या कुशीवर झोपायचं आणि चेहरा सुजला किंवा डोकं दुखायला लागलं तर ताबडतोब यायचं. तो कामावरून आला की माझ्या पायांखाली दोन उशा सरकवायचा, घोट्यावर बोट दाबायचा आणि खळगा भरून येईपर्यंत बघत राहायचा. माझ्या एकाही चपलेत पाय शिरेना, तेव्हा स्वतःच्या चपला त्याने मला देऊन टाकल्या. सासूबाई म्हणायच्या, आम्ही पोटुशी असताना भाताची लावणी केली. सुजेबद्दल त्यांचं म्हणणं तेवढंच.

तो गेल्यावर दहाव्या दिवशी मात्र माझे पाय साऱ्या घराचा विषय झाले. मंगळसूत्र काढलं, बांगड्या उतरवल्या. जोडवी निघेनात. खेडहून आलेल्या चुलत सासूबाई या कामातल्या जाणकार. त्यांनी खोबरेल चोळलं. माझी नणंद शाळेत विज्ञान शिकवते. ती साबण घेऊन आली. मग बोटाला दोरा गुंडाळून झाला. जोडव्यांच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. दोन महिन्यांत ज्या बायकांनी माझ्या पायांकडे एकदा पाहिलं नव्हतं, त्या आता त्यांच्यावर डोकी जोडून वाकल्या होत्या.

"नवरा गेला नि हिचे पाय बघा, केळीच्या खांबासारखे," चुलत सासूबाई म्हणाल्या. "सोनाराला बोलवा गो. कापून काढूया."

ही जोडवी लग्नात त्याने स्वतः माझ्या बोटांत घातली होती आणि मला ती द्यायची नव्हती. पण हे कारण तिथे कोणाच्या उपयोगाचं नव्हतं.

"पायाला जोर लावला तर बाळाला धोका आहे. डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले.

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. विज्ञानाच्या शिक्षिकेनेच सर्वांत आधी मान डोलावली. सासूबाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं, म्हणाल्या, "राहूंदे. मुलगा असला तर?" वंशापुढे रीत दोन महिने थांबायला तयार झाली. बाळंत झाल्यावर बघू असं ठरलं आणि सगळ्या चहाला गेल्या. साबणाचे पाय मी एकटीने धुतले.

त्यानंतर सूज उतरू नये असं मला वाटायचं. तरी मी रोज पायांखाली दोन उशा घेत होते. पोटातलं मूल त्याचं होतं.

मुलगी झाली. आठवड्याभरात पाय पूर्वीसारखे झाले. बारशाला चुलत सासूबाई पुन्हा आल्या आणि बसता बसता त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली. बाळंतिणीला गार लागू नये म्हणून सासूबाईंनीच मला जाड मोजे घालायला लावले होते. मुलगी झाली म्हटल्यावर कोणाला फारसं थांबायचंही नव्हतं. बुंदीचे लाडू घेऊन त्या दुपारच्या एसटीने खेडला गेल्या.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. तेव्हापासून घरात माझ्या पायांकडे पुन्हा कोणी पाहिलेलं नाही. जोडवी सैल झाली आहेत. ती माझ्या पायांत आहेत.